पंचमीच्या बांगड्या
विडीच्या भिजल्या पानांचा वास आला की नागपंचमीआधीची ती दुपार आठवते. आम्ही चौघी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होतो आणि माझी आंधळी सासू उंबऱ्याला टेकून बसली होती. अक्कलकोटला दिलेली तिची लेक उन्हाळ्यातच वारली होती. म्हातारीला सोसायचं नाही म्हणून आम्ही घरच्यांनी ते लपवलं होतं. शेजारची पोरगी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकायची. वहीतून डोकं वर काढून ती म्हणाली, "मावशी, कुणाच्या भल्यासाठी खोटं बोललं तर चालतं का?" आमच्यातली एकजण हसली, "असल्या इचारानं भाकरी भाजती व्हय गं?" तेवढ्यात सासू म्हणाली, "जिच्याशी खोटं बोलता, तिला इचारा की." माझ्या हातातलं पान फाटलं. मग सासूनं पिशवीतून हिरव्या बांगड्या काढून माझ्याकडे दिल्या. "लेक पंचमीला येती न्हवं?" मी म्हणाले, "व्हय." पंचमी झाली, आणि दिवाळीच्या आत म्हातारीही गेली, शेवटपर्यंत दाराकडे कान लावून. आता माझ्या नातीनं कॉलेजात तत्त्वज्ञान घेतलंय. सून विचारते, त्याचा काय उपयोग. मी म्हणते, शिकू दे. त्या पोरीचा प्रश्न आमच्या घरात त्या उन्हाळ्यातच कुणीतरी विचारायला हवा होता. बांगड्या अजून माझ्या पेटीत आहेत. पेटी हलली की वाजतात, आणि माझ्या तोंडून अजूनही "व्हय" निघतं.