फोटोसाठी धुतलेले हात

कल्पना करा, आयुष्यात पहिल्यांदा तुमचा एकट्याचा फोटो निघणार आहे. ओळखपत्रावरचा चेपलेला नव्हे, तर खास माणूस बोलावून, दिवे लावून काढलेला. हाताशी तीन दिवस आहेत. सुरुवात कुठून कराल?

निळेकाकांनी हातांपासून केली.

कापडाला रंग देणाऱ्या कारखान्यात ते सव्वीस वर्षं निळ्या रंगाच्या हौदावर आहेत. रबरी हातमोजे मिळतात, पण ‘मोज्यातून कापड बोलत नाही’ असं त्यांचं म्हणणं. रंग नीट बसला की ओलं कापड बोटांना वेगळं लागतं, ते उघड्या हातालाच कळतं. त्यामुळे हात मनगटापर्यंत निळे, नखं जवळजवळ काळी. घरातल्या प्रत्येक फोटोत हे हात पाठीमागे लपलेले. एकदा काका व्याह्यांना पाण्याचा पेला द्यायला गेले, तर व्याही म्हणाले, “ठेवा तिथं, घेतो मी.” काका ते विसरलेले नाहीत.

कारखान्याला पन्नास वर्षं झाली म्हणून पुस्तिका निघणार होती. त्यात पानभर फोटो सगळ्यात जुन्या रंगाऱ्याचा, म्हणजे काकांचा. साहेब एवढंच म्हणाले, “काका, जरा नीटनेटके या.” मुलीचा फोन आला, “बाबा, मोठा करून पाठवा. इथे बाहेरच्या खोलीत लावणार आहे, सगळ्यांना दिसेल असा.”

मग काय! केस कापले, मिशीला कलप लावला, पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री केली. आरशासमोर हसण्याची तालीम चालू असताना काकू म्हणाल्या, “अहो, दात दाखवू नका, फोटोवाला पळून जाईल.”

“तू नाही पळालीस, तो कशाला पळतोय?”

हातांवर साबण झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं. रंग ढिम्म. शेवटच्या संध्याकाळी काकांनी कारखान्यातून एक पुडी आणली. रंग बिघडलेलं कापड पुन्हा पांढरं करायची ती पावडर. गरम पाण्यात ती किती टाकायची, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पण ते माप कापडाचं होतं.

“अहो, काढा हात! कातडं आहे ते, तागा नव्हे!”

“थांब गं. सुटतोय रंग.” डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात काही त्यांनी बादलीतून काढले नाहीत.

सकाळी हात सुजलेले होते, बोटांची सालं निघत होती. पण निळा ठिपका म्हणून नव्हता.

रंगखात्यात दिवे लागले. फोटोग्राफर खूश. “वा काका, झकास! आता दोन्ही हात पुढे करा.” काकांनी ऐटीत केले. फोटोग्राफरनं साहेबांकडे पाहिलं. “निळे हात आहेत म्हणाला होतात ना?”

“काका, हे काय करून बसलात?”

“नीटनेटका आलोय, साहेब.”

“अहो, सगळी मजा त्या हातांतच होती!”

काकांचा चेहरा पडला. “आत्ता बुडवून आणतो. दोन मिनिटं.”

“नको, सालं दिसतील,” फोटोग्राफर म्हणाला.

शेवटी भांडारातल्या कारकुनाला बोलावलं. दोन वर्षांची नोकरी, हात लोण्यासारखे. त्याला हौदापाशी नेलं, पण हात घालायचे कसे, हे त्याला कुठे माहीत? काकाच म्हणाले, “बोटं पसर. आत हलवू नकोस, नाहीतर डाग पडतील.” हात हिरवट बाहेर आले आणि हवा लागताच निळे झाले. काका बाजूला होऊन, शर्टाला रंग लागू नये म्हणून भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांना घरी जा असंही कुणी म्हणालं नाही.

कारकून आठवडाभर कुरकुरत होता, “जात नाही हो काका, बायको हसते.”

“हसू दे,” काका म्हणाले.

महिन्यानं पुस्तिका आली. पानभर दोन निळे हात. चेहरा नाहीच. खाली छापलंय : ‘सव्वीस वर्षांच्या अनुभवाचे हात.’

मुलीनं फोटोबद्दल दोनदा विचारलंय. काकांनी दोन्ही वेळा विषय बदलला. पुस्तिका मात्र डब्याच्या पिशवीत असते. जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसणाऱ्यापुढे ते पान उघडतात आणि अजून सालं निघणारं बोट त्यावर ठेवून विचारतात, “वर्षं माझी, हात त्याचे. मग हा फोटो कोणाचा म्हणायचा?”