न चाळलेली माती

पंचवटीतला आमचा मूर्तिकामाचा क्लास सुटून वर्षं झाली. नखांतली माती निघाली, किस्से मात्र अजून निघत नाहीत. नव्वदच्या दशकातली गोष्ट.

सरांना मातीचं भलतं सोवळं! तीनदा चाळल्याशिवाय हात लावू द्यायचे नाहीत. आमच्यातला दिलीप भाजी मार्केटचं काम उरकून थेट क्लासला यायचा. एकदा त्याच्या घोड्यात सरांना गवताची काडी दिसली.

"मोड!"

"सर, घोड्याच्या पोटात गवत असायचंच की!"

घोडा मोडला. शिवाय आठवडाभर चाळणी दिलीपकडे.

*

नवी माती आली की सर चिमूटभर जिभेवर ठेवून पारखायचे. दिलीपने सूड म्हणून नागलीच्या पिठाचा गोळा पुढे केला. सरांनी डोळे मिटून चाखला.

"मूर्ती तडकेल. भाकरी कर."

*

रंगासाठी लाल माती आणायला सुरगाण्याला गेलो होतो. परतताना जीपमध्ये सर गोणी मांडीवरून खाली ठेवायला तयार नाहीत. शेजारच्या आजींनी विचारलं, "एवढं काय हाय त्यात?"

"माती."

आजींनी आपले मातीने लाल झालेले पाय पुढे केले. "मग हेबी पुसून घ्या ना!"

सरांनी खरंच रुमाल काढला.

*

सर घाबरायचे एकाच व्यक्तीला, स्वतःच्या आईला. वडील गेल्यावर सायखेड्याचं भाजीचं वावर ती एकटी बघायची. "मातीतच हात घालायचा तं वावरात घाल," म्हणायची. क्लासची पायरी कधी चढली नाही. सरांना ते फार लागायचं.

मग त्यांनी वडिलांचा अर्धपुतळा करायला घेतला. आईने एकदा येऊन बघावा, एवढीच इच्छा. माती मुद्दाम वडिलांच्या मेथीच्या वाफ्यातली आणली. वावरातली माती मूर्तीला चालत नाही, हे आम्हाला त्यांनीच शिकवलेलं! दिलीप सवयीने चाळणी घेऊन आला.

"राहू दे," सर म्हणाले.

पुतळा झाला. वाळू नये म्हणून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवला. पाचव्या दिवशी आई आली एकदाची! सरांनी गोणपाट काढलं.

वडिलांच्या टकलावर मेथीचे कोंब!

दिलीपने ओठ चावले. सरांचा चेहरा पडला. "काढतो, काढतो," म्हणत ते पुढे झाले.

आईने त्यांचा हात धरला. पुतळ्याकडे बराच वेळ बघितलं. एक कोंब खुडून तोंडात टाकला, सावकाश चावला.

मग दिलीपला म्हणाली, "रोज पाणी शिंपडत जाय रे. सोमवारी येते मी खुडायला."