एकटी असले की बंद पडणारी गाडी

माझी गाडी मी एकटी असले की बंद पडायची. लातूरच्या गॅरेजात हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे असं काही बघितलं, की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. आमचं शिक्षण खात्याचं ऑफिस एका अडत दुकानाच्या माडीवर भाड्याच्या जागेत होतं. छापील कागदांवरचं ‘उस्मानाबाद’ खोडायचं आणि वर हातानं ‘लातूर’ लिहायचं, हे बढतीनंतर माझ्या वाट्याला आलेलं पहिलं मोठं काम. घर नांदेडला, म्हणजे कुलूप लावलेलं घर. नवऱ्याला जाऊन वर्ष होत आलं होतं, मूलबाळ नव्हतं. दर शनिवारी दुपारी मी त्यांची जुनी गाडी काढून नांदेडला जायचे, दार उघडायचे, धूळ झाडायचे, एक रात्र झोपायचे आणि रविवारी परत यायचे. धाकटे दीर म्हणायचे, “वहिनी, कशाला ही यातायात? घर भाड्यानं द्या, गाडी विकून टाका.” मी नुसतं “बघू” म्हणायचे. गाडी चालते तोवर घर मोडायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

आणि गाडीनंच दगा द्यायला सुरुवात केली. चाकूर मागे पडलं की कुठंतरी, ना धूर ना आवाज, इंजिन एकदम गप्प. कधी किल्ली फिरवली की लगेच सुरू, कधी घटकाभर बसून राहावं लागे. दोन्ही बाजूंना उघडी बोडकी रानं, मध्ये मी आणि ती.

मिस्त्रींचं पहिलं निदान उन्हाचं. “बाई, पेट्रोल उकळायलंय. पंपावर ओलं फडकं टाका.” दुष्काळाचं वर्ष. मी बॉनेट उघडून, प्यायच्या कॅनमधलं पाणी फडक्यावर ओतत होते, आणि समोर टँकरची वाट बघत घागरी घेऊन बायका बसल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, “बाई, गाडीला पानी पाजायलात का? आमची बी एक घागर भरा की.” सगळ्या हसल्या. मी शरमून उरलेला कॅन तिच्या घागरीत रिकामा केला. गाडी सुरू झाली आणि लोह्याच्या अलीकडे पुन्हा बंद पडली. आता पाणीही नव्हतं.

मग पॉइंट घासून झाले, कंडेन्सर बदलून झाला, कार्बोरेटर खोलून धुतला, टाकी उतरवून साफ केली. दर वेळी मिस्त्री गाडी औशापर्यंत पळवून आणायचे आणि म्हणायचे, “लोण्यावानी चालती, बाई. खराबी काहीच न्हाई.” मी पदराला हात पुसत किल्ली परत घ्यायचे आणि जुडग्यात अडकवायचे. गाडी गॅरेजात टाकताना जुडग्यातून तेवढी एक किल्ली काढून द्यायची, हा आमच्या घरचा शिरस्ता होता. घराच्या किल्ल्या परक्याच्या हाती जाऊ द्यायच्या नाहीत, यावर नवऱ्याचा फार कटाक्ष.

शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, “मिस्त्री, आज मी चालवते, तुम्ही बसा.” बाईमाणसानं गाडी हाकायची आणि आपण शेजारी बसायचं, भर बाजारातून! ते आधी मागच्या सीटवर साहेबासारखे जाऊन बसले. बाजार संपल्यावर पुढे आले.

औशाच्या रस्त्यावर एके ठिकाणी डांबर पार उखडलं होतं. तिथं दोन गचके बसले आणि इंजिन गप्प. मी चक्क टाळी वाजवली. “बघा! पडली की नाही बंद?” इतक्या महिन्यांत पहिल्यांदा गाडी बंद पडल्यावर माझ्या शेजारी कुणीतरी होतं. मला इतका आनंद झाला, की मिस्त्री जरा घाबरलेच.

त्यांनी बॉनेट उघडून पाहिलं. पेट्रोल येत होतं. मग किल्ली बघायला ते खिडकीतून आत वाकले आणि त्यांचा हात जुडग्यावर थांबला. त्यांनी तो तळहातावर तोलून पाहिला. “हे वझं मला कवाच दिलं न्हाई तुम्ही,” ते म्हणाले.

पुन्हा निघालो. मी मुद्दाम खड्ड्यांतून गाडी घातली, त्यांनी जुडगा हातानं वर धरून ठेवला. गाडी चालत राहिली. मग त्यांनी हात काढला. पुढच्याच खड्ड्यात जुडगा हिंदकळला आणि इंजिन मेलं.

“किल्लीचा स्विच आतून झिजलाय, बाई. ह्या वझ्यानं करंट तुटायलाय. एवढ्या किल्ल्या हायत तरी कशाच्या?”

मी सांगायला लागले. दाराची, कोठीची, कपाटाची, ट्रंकेची. यांच्या रेल्वे ऑफिसातल्या टेबलाची. विकलेल्या स्कूटरची.

“म्हंजी निम्म्यांना कुलूपच न्हाई,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी ते सहज म्हटलं होतं, पण मला भडभडून आलं. ते खाली उतरून उगाचच चाकं तपासत राहिले.

स्विच हैदराबादहून यायचा होता. तोवर एकट्या किल्लीवर चालवा, म्हणाले. त्या शनिवारी मी निघाले ती थेट नांदेड. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, लोहा गेलं, गाडी कुठं शिंकलीसुद्धा नाही. मी गाणं म्हणत होते. घरासमोर उतरून पर्समध्ये हात घातला आणि आठवलं, जुडगा लातूरच्या खोलीत खिळ्याला आहे.

काय झालं कोण जाणे, मी कुलपासकट कडी वाजवली. पूर्वी वाजवायचे तशीच. हे ऑफिसातून माझ्या आधी यायचे. माझा कडीचा आवाज ओळखायचे, तरी आतून विचारायचे, “कोण?” मी म्हणायचे, “मी.” मग पुन्हा, “मी म्हणजे कोण?” हातात भाजीच्या पिशव्या घेऊन उभं राहून मी वैतागायचे. त्या दिवशी कडी वाजवून मी ऐकत उभी राहिले. वर्षभर मी स्वतःच कुलूप काढून आत जात होते, त्यामुळे आत कुणी नाही हे मला नीट कळलंच नव्हतं. ते त्या पायरीवर कळलं, आणि मी तिथंच बसून मोठ्यानं रडले. शेजारच्या काकू बाहेर आल्या, तेव्हा मी त्यांना खुशाल सांगितलं की किल्ली विसरले म्हणून रडते आहे.

पुढच्या महिन्यात घर भाड्यानं दिलं. नायगावकडचं एक तरुण जोडपं होतं. गाडी मात्र मी विकली नाही. दिवाळीनंतर एका शनिवारी सहज म्हणून गेले. दाराला कुलूप नव्हतं. कडी वाजवली.

आतून बाईचा आवाज आला, “कोण हाय?”

“मी,” मी म्हटलं.

“मी म्हंजी कोण?”

मी लगेच नाव सांगितलं नाही. म्हटलं, अजून एकदा विचारू दे.