जांभळ्या पावलांचा दवाखाना

आमच्या गावचा दवाखाना आमच्या धानाच्या कोठ्यात होता. सरकारने सांगितलं, जागा तुम्ही द्या, डॉक्टर आम्ही देतो. आणि माझ्या वडिलांनी, ज्यांना स्वतःची सही येत नव्हती, एका दिवसात कोठा रिकामा करून दिला. त्या वर्षी धान झोपायच्या खोलीत गेलं आणि आम्ही पडवीत. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पण मला विचाराल तर आमच्या घराने केलेलं सर्वांत शहाणपणाचं काम माझी बी.ए. नव्हे, ते कोठा रिकामा करणं.

उंदरांनी बिळं पाडू नयेत म्हणून त्या कोठ्याची जमीन चुना कुटून केलेली होती. पांढरी आणि दगडासारखी टणक. डॉक्टरांना ती फार आवडली. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, या जमिनीला शेण लावायचं नाही, शेण आणि जखम एका खोलीत राहत नाहीत. डॉक्टर वऱ्हाडातले, एकटे, पन्नाशीचे. बोलायला कडक आणि हाताला हलके.

रोवणीचे दिवस आले की त्या पांढऱ्या जमिनीला रंग चढायचा. दवनीवाड्याच्या आसपासचा आमचा सगळा मुलूख धानाचा. बाया दिवस-दिवस बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाण्यात वाकून रोपं रोवतात आणि त्यांच्या पायांना चिखल्या होतात. बोटांच्या बेचक्या कुजतात, पाऊल टेकवलं की आग होते. डॉक्टर पाय धुऊन, कोरडे करून त्यांना जांभळं औषध लावायचे. बाया टाचेवर चालत बाहेर पडायच्या तरी जमिनीवर पावलं उमटायचीच. डॉक्टर रोज फिनेलच्या पाण्याने जमीन पुसून घेत, पण जांभळा रंग काही जायचा नाही. "राहू द्या," म्हणायचे, "रंग आहे, घाण नव्हे." लग्नात नवरीच्या पायांना माहूर, म्हणजे रंग, लावतात; म्हणून रस्त्यात बाया एकमेकींची थट्टा करायच्या, "या वयात माहूर लावून कोठं निघाली वो, नवरी?"

मी बी.ए. होऊन नागपूरहून घरी परतलो तो असाच रोवणीचा दिवस होता. गावात शिरतो तोच कोतवालाची दवंडी कानावर आली. "आईका हो. उद्या दवाखान्यात सायब तपासाले येऊन राहिले. बीमार मानसाईनं घरी राहावं. दवाखान्याकडे कोनी फिरकू नोका."

मला वाटलं, ऐकण्यात काही चुकलं. घरी गेलो आणि वडिलांना विचारलं, "बाबा, दवाखाना तपासायला साहेब येतात आणि बिमार लोकांना काऊन थांबवता?"

"मंग?" वडील म्हणाले. "पाव्हना घरी आला तं त्याच्यासमोर खोकत बसाचं का? खरूज दाखवाची का त्याले?"

"साहेब तेच पाहायला येतात."

"तू कालेजात शिकला, पाव्हनचार नाही शिकला," वडील म्हणाले, आणि विषय संपला. वडील गावच्या पंचांपैकी एक, आणि बाकीच्या पंचांचंही तेच मत होतं. पाहुण्यासमोर गावाने आपलं दुखणं उघडं करायचं नाही.

डॉक्टर त्या दिवशी पलीकडच्या गावी एका बाळंतिणीकडे गेले होते. ते नसताना गावाने मनापासून तयारी केली. दाराला आंब्याची पानं बांधली. आणि ती जांभळी पावलं कोणाला तरी वाईट दिसली असावीत, म्हणून जमीन शेणाने गुळगुळीत सारवून टाकली. सकाळी डॉक्टर परत आले, दारात उभे राहिले, आणि मग त्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या.

साहेब जीपने आले. गोंदियाचे, पस्तिशीचे, नीटनेटके. त्यांनी औषधांच्या बाटल्या पाहिल्या, सुया उकळायचं भांडं पाहिलं, ते सगळं ठीक होतं. मग जमिनीचा वास घेतला. मग रिकाम्या बाकड्यांकडे पाहिलं. "डॉक्टर, तुमच्या रजिस्टरमध्ये रोज एवढी गर्दी आहे. माणसं कुठं आहेत?"

डॉक्टरांना दवंडीची काही कल्पना नव्हती. ते म्हणाले, "तेच मलाही समजत नाही."

माझी माय चहा घेऊन आली. तिच्या दोन्ही पायांना चिखल्या होत्या, आदल्या रात्री ती भिंत धरून चालत होती हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या वेळी ती अंगणातून सरळ चालत आली, सरळ चालत गेली. पाऊल कुठे अडखळलं नाही. घराची अब्रू होती ना.

जाताना साहेब म्हणाले, "गाव तर ठणठणीत आहे तुमचं."

वडिलांची छाती फुगली. संध्याकाळपर्यंत त्यांनी ते वाक्य निम्म्या गावाला ऐकवलं. डॉक्टर मात्र पायरीवर बसून राहिले होते. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाले, "ठणठणीत गावाला दवाखाना कशाला लागतो, सांगा. तो आता बाजाराच्या गावी जाईल. आणि मी खोटी नावं लिहिणारा ठरलो. नोकरी राहते की नाही, बघायचं."

मी ते घरी येऊन सांगितलं. वडिलांनी खुंटीवरचा पटका काढला. मग म्हणाले, "मंग मी जातो. सायबाच्या पाया पडतो."

"पाया नका पडू. मी जातो."

"तू जाऊन काय करशीन?"

"बोलीन. त्यासाठीच शिकवलं ना मला."

दुसऱ्या दिवशी चिखलातून सायकल अर्धी चालवत, अर्धी ढकलत मी गोंदियाला पोचलो. साहेबांच्या दारावरच्या चपराशाने माझे पाय पाहिले आणि म्हणाला, "भाई, पहले पैर धो के आओ." पाय धुऊन आत गेलो. साहेबांनी विचारलं, "तुम्ही कोण? डॉक्टरांचे नातेवाईक?"

"नाही. मी बी.ए. आहे," मी म्हणालो. आज हसू येतं, पण तेव्हा मला ते पुरेसं उत्तर वाटलं होतं. मग दवंडीपासून शेणापर्यंत सगळं सांगितलं. साहेब ऐकत होते, पण विश्वास बसला नव्हता. "गावकऱ्यांनी तुम्हाला शिकवून पाठवलं," ते म्हणाले.

"गावकरी अजूनही तुमच्यासमोर खोकायला तयार नाहीत, साहेब. म्हणून एकच मागतो. परत या. आणि आम्हाला सांगू नका."

"कधी येऊ?"

"तेच सांगू नका म्हणतो."

त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

घरी सांगितलं तर वडिलांनी कपाळाला हात लावला. "असं कोनी पाव्हन्याले बोलावते का बे? ना दिवस, ना वेळ. तयारी कधी कराची?"

"करायचीच नाही."

डॉक्टरांनी जमिनीवरचं शेण खरवडून, गरम पाण्याने धुऊन काढलं. खालची जांभळी पावलं होती तशी वर आली, आणि रोज त्यांच्यावर नवी पडू लागली. लोक पूर्वीसारखे येऊ लागले. वडील मात्र रोज सकाळी दवाखान्यासमोर उभे राहून रस्त्याकडे पाहत आणि बडबडत, "निदान पानं तं बांधू देत." मी बांधू दिली नाहीत. रोवणी सरत आली तरी साहेब आले नाहीत, तेव्हा गावात माझीही थट्टा सुरू झाली. "बी.ए.चा सायब कवा येते गा?"

मग एक दिवस असा उजाडला की रात्रभराच्या पावसाने नाल्यावरची वाट बुडाली. मायचे पाय फारच चिघळले होते, म्हणून मी तिला दवाखान्याच्या ओट्यावर आणून बसवलं. ओटा भरलेला होता. इतक्यात बांधांवरून एक माणूस येताना दिसला. विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, बूट हातात, एका पायातून रक्त. जीप नाल्यापलीकडे रुतली होती आणि बांधीतल्या शंखाने पाय कापला होता. मी साहेबांना ओळखलं आणि उठणार, तोच त्यांनी बोटाच्या खुणेने मला खाली बसवलं.

ते थेट दाराकडे निघाले. त्या दिवशी चहा देताना मायची मान खाली होती, तिने त्यांना ओळखलं नाही.

"बावा, रांगेत बस ना. आमी सकाळपासून बसून राहिलो."

साहेब तिच्याशेजारी बसले.

"कोन्या गावचा तू?"

"गोंदियाचा."

"गोंदियाले डाक्टर नाही का?"

"आहेत. पण हे कसे आहेत ते बघावं म्हटलं."

"चांगला हाय. पन बोलते लय. मले म्हनते, पाय कोरडे ठेव. मी म्हनलं, बांधी का तुझा बाप रोवते?"

सगळा ओटा हसला. साहेबही हसले. मग मायने पाय पुढे करून त्यांना चिखल्या दाखवल्या, एकेक बोट फाकवून, जणू स्वतःच्या बांध्या दाखवत होती. ज्या पायांनी ती त्या दिवशी सरळ चालली होती, तेच पाय.

साहेबांची पाळी आली. डॉक्टरांची नजर नेहमी आधी पायांकडे जायची. "कशाने कापलं?" असं विचारून त्यांनी वर पाहिलं आणि ताडकन उभे राहिले.

"बसा," साहेब म्हणाले. "आधी पाय."

डॉक्टरांनी जखम धुतली, जांभळं औषध लावलं, पट्टी बांधली. मग साहेबांनी रजिस्टर मागितलं आणि मागच्या आठवड्यातलं एक नाव मोठ्याने वाचलं. ओट्यावरून आवाज आला, "ओ, मी हाय." दुसरं वाचलं. "थे बरी झाली, रोवणीले गेली." तिसरं वाचलं, तर स्वतः माय म्हणाली, "मीच हावो. अजून किती डाव सांगू?" साहेबांनी रजिस्टर मिटलं.

तेवढ्यात वडील बांधीतून धावत आले. कोपरापर्यंत चिखल, धोतर ओलं. त्यांची नजर साहेबांच्या जांभळ्या पायावर गेली आणि ते दारातच थिजले. "अरे देवा, सायबाले माहूर लावला का?"

साहेब लंगडत उठले. पांढऱ्या जमिनीवरच्या पावलांत त्यांचंही एक पाऊल उमटलं, लांब आणि अर्धं. त्यांनी खाली पाहिलं, मग वडिलांकडे. "आज तुमचं गाव ठणठणीत नाही. बरं वाटलं."

ते गेल्यावर वडिलांनी मला बाजूला घेतलं. "हे चांगलं बोलले का वाईट?"

"चांगलं, बाबा."

"मंग त्या दिवशी वाईट बोलले होते?"

"हो."

"तुमचं शिकलेल्या लोकांचं काही समजत नाही," ते म्हणाले, पण हसत होते.

पोळ्याच्या आधी हुकूम आला. दवाखाना इथेच राहणार, डॉक्टर तेच राहणार, आणि बायांसाठी एक नर्सबाई मिळणार. मी तो चावडीवर मोठ्याने वाचला. वडिलांनी पुन्हा वाचायला लावला. मग त्यांनी कोतवालाला बोलावलं आणि दवंडीचे शब्द स्वतः सांगितले. मला एकही शब्द बदलू दिला नाही.

"आईका हो. दवाखाना आपल्याच गावी राहाते. ज्याले बीमार पडाचं हाय, त्यानं आता बेफिकीर पडावं. सायब आले तरी घरी बसू नोका."