वॉरिक टॉनकिनची सीलबंद डबी

वॉरिक टॉनकिनला काही विचारायची सोय नव्हती. 'काय रे, हल्ली कुठला गेम?' एवढं कुणी सहज म्हटलं, तरी त्याचा हातातला सॉसेज रोल गार झालाच म्हणून समजा. ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट गावच्या टायरच्या दुकानात वॉरिक सत्तावीस वर्षं चाकं बसवत होता आणि जवळपास तितकीच वर्षं चहाच्या सुट्टीत व्हिडिओ गेमच्या कन्सोलच्या अधःपतनावर प्रवचन झोडत होता. ऐकणारे बदलले, मालक बदलला, प्रवचन तेच राहिलं.

"आपल्या वेळी डिस्क घातली की खेळ सुरू," तो म्हणायचा. "आता डिस्क घाला आणि शंभर जीबी उतरेपर्यंत लॉन कापून या. अर्धाकच्चा माल पूर्ण पैशात विकतात. मी गिऱ्हाइकाच्या गाडीला तीनच चाकं लावली आणि म्हटलं, चौथं नाताळपर्यंत पाठवतो, तर चालेल?"

पंचाईत अशी, की त्याच्या बोलण्यात खोट नसायची. सगळे माना डोलवायचे आणि घरी जाऊन निमूटपणे तेच गेम नेटवरून खेळायचे. वॉरिक पडला तत्त्वाचा माणूस. त्याने आपल्या मशीनला इंटरनेटचा वासही लागू दिला नाही. दरमहा वर्गणी भरून आपलाच खेळ भाड्याने खेळायला तो काय वेडा होता?

त्याच्या भिंतीवर गेमच्या डब्याच डब्या होत्या. त्यातल्या निम्म्या न फोडलेल्या, प्लॅस्टिकसकट. ज्यांना हा नाद आहे त्यांना सांगायला नको. बाकीच्यांना सांगून पटणार नाही. बायको घर सोडून गेली तेव्हा सोफा घेऊन गेली, पण डब्यांना तिने हात लावला नाही, यातच काय ते आलं.

त्याच्याशेजारी खऱ्या अर्थाने खेळायला बसली ती एकच व्यक्ती, त्याची मुलगी ब्रॉन्विन. पाच वर्षांची असल्यापासून दुसरा कंट्रोलर तिचा. दोन वर्षांपूर्वी ती इलेक्ट्रिशियन होऊन पर्थकडच्या खाणीवर निघाली, तेव्हा दोघांनी मिळून खेळायचा एक नवा गेम यायचा होता. तिने बापाच्या नावाने गेमचं खातं उघडून दिलं, नेटची वायर आणून दिली.

"बाबा, रविवारी रविवारी नेटवरून खेळू."

"शेजारी बसून खेळतात, त्याला खेळ म्हणतात," वॉरिक म्हणाला. "मी डबी आणून ठेवतो. तू आलीस की फोडू."

डबी आली, फळीवर बसली. मुलगी मात्र येईना. एका नाताळला तिला ओव्हरटाइम लागला, दुसऱ्याला विमान महाग पडलं. शेवटी मैत्रिणीच्या लग्नासाठी ती मेलबर्नला आली आणि त्यातला एक शनिवार बापाच्या वाट्याला आला. वॉरिकने आठवडाभर सगळ्या दुकानाचं डोकं खाल्लं. दोन्ही कंट्रोलर चार्ज केले, चिप्स आणल्या, भाड्याच्या घरातल्या गालिच्यावर झाडूसुद्धा फिरवला.

सकाळी दहाला बाप-लेक खाली मांडी घालून बसले. वॉरिकने ब्लेडने प्लॅस्टिक असं काही कापलं, की सर्जनने बघत राहावं. डबी उघडली. आत डिस्क नव्हती. एक चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीवर गेम उतरवून घ्यायचा कोड. वॉरिकने डबी उलटी करून झटकलीसुद्धा. डबीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, आत डिस्क नाही. पण त्या ओळीवर दुकानाने किमतीचं लेबल डकवलं होतं, आणि सील केलेल्या डबीवरचं लेबल खरवडण्याचं पाप वॉरिक कशाला करेल? कोडची मुदतही गेल्या जूनमध्ये संपली होती.

"बघ! हेच मी वर्षानुवर्षं सांगतोय," वॉरिक म्हणाला. खोटं कशाला बोला, पहिली दोन मिनिटं तो खूशच होता. आयुष्यभराची मतं खरी ठरल्याचा पुरावा हातात होता. मग त्याने लेकीकडे पाहिलं. ती कंट्रोलर मांडीवर घेऊन तशीच बसली होती, आणि तिची परतीची ट्रेन चारची होती.

"माझ्या खात्यावर आहे तो गेम," ब्रॉन्विन म्हणाली. "नेटला जोड, इथे उतरवू."

वॉरिक उठला. ड्रॉवरमधून वायर काढली, खोचली, आणि ब्रॉन्विनने मशीनवर दोघांची खाती चालू केली. मशीनने आधी स्वतःचीच डागडुजी मागितली, मग गेमची वेळ दाखवली: अकरा तास. एरवी यावर त्याने पाऊण तास प्रवचन झोडलं असतं. आज तो परत लेकीशेजारी मांडी घालून बसला.

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात निरोप उमटायला लागले. एकामागून एक, सगळे ब्रॉन्विनचे, सगळे खेळायला बोलावणारे. पहिल्या आठवड्यात रोज एक. मग दर रविवारी. त्याच्या वाढदिवसाला दोन. वॉरिक निरोप वाचत खाली खाली जात राहिला. शेवटचा निरोप चौदा महिन्यांपूर्वीचा होता.

"आणि नंतर?" त्याने विचारलं.

"नंतर नेटवर फिनलंडचा एक जण भेटला. त्याच्याबरोबर गेम पुरा केला," ब्रॉन्विन चिप्सचं पाकीट फोडत म्हणाली. "तुझ्याच वयाचा आहे. हल्लीच्या गेम्सना शिव्याही तुझ्याइतक्याच घालतो. पण येतो."