मंदारचा सात

संशयी माणसाकडे किस्से आपोआप साठतात. त्यात महाडच्या आमच्या ऑफिसात आम्ही रँडम नंबरची लायब्ररी लिहितो, म्हणजे मशीनने कुणाला ओळखता येणार नाही असा आकडा सांगावा, यासाठीचा कोड. इथे तर मला संशयाचाच पगार मिळतो!

*

या कोडला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो, सीड. सीड तेच, तर पुढचे आकडेही तेच. माझ्या शेजारी बसणाऱ्या पोलादपूरच्या मंदारने मॅन्युअलमध्ये उदाहरण म्हणून सात लिहिला. एका गिऱ्हाइकाने तो तसाच उचलला आणि त्याची सगळी यंत्रं चालू केल्यावर एकच आकडा सांगू लागली. त्याने फोनवर विचारलं, "यांचं आपसात ठरलंय का?"

*

साहेबांनी मॅन्युअलमधून सात काढायला लावला. लोक शून्य देऊ लागले. मी म्हटलं, सीड माणसाच्या हातात द्यायलाच नको, यंत्रातल्या चिपलाच निवडू द्या. साहेब म्हणाले, पुढच्या व्हर्जनला बघू.

*

दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने सगळं नीट केलं, तर त्याला लागोपाठ तीनदा चार आला. त्याला त्यात काळंबेरं दिसलं. साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "जरा जास्त रँडम करता येईल का?"

*

मंदारच्या गावात शिमग्याची पालखी आधी कुठल्या वाडीत न्यायची, यावरून दरवर्षी भांडण. यंदा मंदारने आमच्याच कोडवर, बटण दाबलं की वाडी निवडणारा डबा बनवून नेला. चालू करून दाबला, खालची वाडी आली. ती मंदारचीच!

वरच्या वाडीचा एक म्हातारा म्हणाला, बंद करून पुन्हा लाव. लावला. पुन्हा खालची.

"डबा कोणाच्या घरचा हाय रे?" म्हाताऱ्याने विचारलं.

मंदारने देवळात शपथ घेतली की डबा खरा आहे. म्हाताऱ्याचं म्हणणं, मग देवालाच विचारू. पालखीला पहिला खांदा मंदारच्या वडिलांचा असायचा. डबा खोटा ठरला, तर तो मान जाणार होता.

गुरवाने कौल घ्यायला देवाच्या डाव्या-उजव्या अंगाला फुलांच्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर डबा खरा.

डावी पडली. पालखी वरच्या वाडीत गेली, पहिला खांदा दुसऱ्याने दिला.

सोमवारी मंदारने ऑफिसात डब्याचा कोड उघडला. सीडच्या जागी सात होता. सवयीने पडला होता. मला फार वाईट वाटलं. वडिलांना कळवलंस का, मी विचारलं.

"आत्ताच फोन केला," मंदार म्हणाला. "म्हणाले, देवाला म्हाईत होतं, मग तुला कसं नाय?"