रविवारी आमच्याकडे चूल बंद

आमच्या घरी रविवार प्रभूचा. त्या दिवशी विस्तवाला हात लावायचा नाही, हा नियम सासूबाईंनी नगरहून इथे परदेशात, रेजिना शहरात येताना सोबत आणला होता. मायक्रोवेव्हला जाळ नसतो, म्हणून तो त्यांनी चालवून घेतला.

नियम ऐकायला फार पवित्र वाटायचा. त्याचा अर्थ एवढाच, की रविवारचा स्वयंपाक मी शनिवारी करायचा. आठवडाभर हॉस्पिटलात नर्सची ड्युटी, आणि शनिवारी मटणाचा रस्सा, पुलाव, भाकऱ्यांची चवड. कारण उपासना सुटली की गावातली सगळी मराठी ख्रिस्ती मंडळी आमच्याकडे जेवायला. माणसं थोडी होती, पण खाणारी होती. नवरा चर्चच्या पार्किंगमधूनच बोलावणं करायचा, चला, आज निवांत बसू. मग तो सोफ्यावर निवांत बसायचा आणि मी वाढायचे, उष्टी काढायचे.

मला रविवारी दुपारी फक्त तासभर झोप हवी होती. नवऱ्याला तसं सांगूनही पाहिलं. तो म्हणाला, स्वयंपाक तर कालच झालाय, आता काम काय उरलंय? माझ्या हातात रश्श्याचं पातेलं होतं. मी ते खाली ठेवलं, हे त्याचं नशीब.

एका थंडीतल्या रविवारी जास्तीच्या खुर्च्या आणायला बेसमेंटमध्ये गेले. एकीवर जरा टेकले आणि तिथेच झोपले. जाग आली तेव्हा अंगावर सासूबाईंची शाल होती आणि वर शांतता.

वर गेले तर पाहुणे गायब. सासूबाईंनी प्रत्येकाच्या हाती रश्श्याचा डबा देऊन सगळ्यांना वाटेला लावलं होतं. नवरा तोंड पाडून भांडी घासत होता. रविवारी हे चालतं का, हे आईला विचारायची त्याची छाती नव्हती. देवाच्या माणसांना असं कुणी घालवतं का, एवढंच तो पुटपुटला.

"देवानं सातव्या दिवशी विश्रांती घेतली ना," सासूबाई म्हणाल्या, "तेव्हा त्याच्याकडे पाहुणे नव्हते."

मला इतकं बरं वाटलं, की रडूच आलं. मी त्यांना म्हटलं, आई, तुम्हीही जरा पडा. त्या गोंधळल्या. रविवारी दुपारी आपण कधी पडलोच नाही, म्हणाल्या. आधी सासूचे पाहुणे, मग नवऱ्याचे.

"झोप येईल का गं मला?"

मी पलंगावर आडवी झाले आणि सरकून त्यांना जागा करून दिली. पांघरूण ओढायच्या आत त्या घोरायला लागल्या.